अमानतीचे शहर : सारायेव्हो

शाळेत असताना पहिल्या महायुद्धाचे तात्कालिक कारण आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असते. २८ जून १९१४ रोजी बोस्नियातील सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि युद्धाचा वणवा पेटला, एवढे दोन ओळींचे उत्तर लिहिले की मार्क मिळत. त्यानंतर कित्येक वर्षे या गावाशी आपला काही संबंध आला नाही. मग १९९२ साल उजाडले आणि हे नाव रोजच्या वर्तमानपत्रात येऊ लागले. वेढा, तोफा, पाण्याच्या रांगेत मेलेली माणसे. दोन्ही वेळा सारायेव्हो आपल्याला मरणाच्या बातमीतून भेटले. या दोन बातम्यांच्या आधीचे आणि मधले जे शहर आहे, ते पाहायचे राहूनच गेले.

युद्ध संपून आता तीस वर्षे झाली. जगभरचे प्रवासी पुन्हा तिथे जातात. त्यांच्या हातातल्या माहितीपत्रकात जुना बाजार, सबील, मशीद, पूल, ग्रंथालय, सिनेगॉग, संग्रहालय अशी ठरलेली यादी असते. तीच यादी घेऊन या लेखात आपण चालणार आहोत. फक्त प्रत्येक ठिकाणी थांबून एक साधा प्रश्न विचारायचा आहे : हे कोणी, कोणासाठी सांभाळले?

हा प्रश्न सुचण्याचे कारण बोस्नियन भाषेतला एक शब्द आहे. 'एमानेत'. आपण ज्याला अमानत म्हणतो तोच हा शब्द. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली, आपली नसलेली, पण आपल्या जिवापलीकडे जपायची वस्तू.

सरायभोवतीचे गाव

बोस्नियन ही स्लाव्ह कुळातली भाषा. पण १४६३ ते १८७८ असा चारशे वर्षांहून अधिक काळ या देशावर उस्मानी तुर्कांचा अंमल होता आणि तुर्कीच्या वाटेने अरबी-फारसी शब्द या भाषेत आले. दख्खनमध्ये बहामनी, निजामशाही, आदिलशाहीच्या काळात मराठीचे जे झाले तेच तिथे झाले. त्यामुळे हजारो मैल दूर असलेल्या या भाषेत आपल्याला ओळखीचे शब्द भेटत राहतात. दुकान म्हणजे 'दुचान', खिसा म्हणजे 'जेप', साबण म्हणजे 'सापुन', पाहुणा म्हणजे 'मुसाफिर' आणि दुश्मन म्हणजे दुश्मनच. सारायेव्हो हे नावही त्याच कुळातले. सुभेदाराच्या सरायभोवतीचे मैदान, 'सराय ओवासी', त्यावरून गावाचे नाव पडले.

मिल्यात्स्का नावाच्या लहानशा नदीच्या खोऱ्यात, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या जागी ईसा बेग इशाकोविच या सुभेदाराने हे शहर वसवले. १४६२ सालचे त्याचे वक्फनामे शहराचा जन्मदाखला मानले जाते. ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनेक शहरांची सुरुवात किल्ल्याने होते. या शहराची सुरुवात दानपत्राने झाली. पूल, हमाम, मुसाफिरखाना आणि गरीब, विद्यार्थी व वाटसरू यांना शिजवलेले अन्न मिळावे अशी खानकाह, या सगळ्याची तरतूद त्यात आहे.

आजच्या जुन्या बाजाराला बाश्चार्शिया म्हणतात. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, बुटकी लाकडी दुकाने, एका गल्लीत तांब्याची भांडी ठोकणाऱ्या कारागिरांचे आवाज. मोठी गल्ली सराच, म्हणजे खोगीर करणाऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. बाजाराच्या चौकात लाकडी नक्षीची सबील आहे. वाटसरूंना फुकट पाणी पाजणारी ही व्यवस्था १७५३ साली मेहमेद पाशा कुकाविचा याने सुरू केली. आजची सबील नंतरच्या काळात थोड्या वेगळ्या जागी बांधलेली आहे, पण पाणी अजून वाहते. मोहरमच्या दिवसांत आपल्या गल्लीत सबील लागते, तोच शब्द आणि तीच कल्पना. पाणी पिणाऱ्याला त्याची जात-धर्म विचारायचा नाही, ही या व्यवस्थेची पहिली अट.

खुसरो बेगचे वक्फ

सराच गल्लीत थोडे पुढे गेले की गाझी खुसरो बेगची मशीद लागते. खुसरो बेग हा सुलतान दुसरा बायझीद याच्या मुलीचा मुलगा आणि बोस्नियाचा सुभेदार. १५३१ साली ही मशीद पूर्ण झाली. भव्य घुमट, एकच उंच मिनार, अंगणात दाट सावलीचे झाड आणि वजूसाठी कारंजे. जवळच घड्याळाचा मनोरा आहे. या घड्याळात सूर्य मावळतो तेव्हा बारा वाजतात आणि तिथून नवा दिवस मोजायला सुरुवात होते. सूर्यास्ताची वेळ रोज बदलत असल्यामुळे घड्याळ सतत जुळवून घ्यावे लागते, आणि ते काम करण्यासाठी माणूस नेमलेला असतो. प्रवासी या घड्याळापुढे उभे राहून आपले मनगटी घड्याळ चुकले की काय असे पाहतात.

पण खुसरो बेगची खरी थोरवी मशिदीसमोरच्या मदरशात आहे. १५३७ च्या वक्फनाम्यात त्याने लिहून ठेवले की मदरसा बांधून जी रक्कम उरेल तिची चांगली पुस्तके विकत घ्यावीत. ज्यांना वाचायचे त्यांनी ती वाचावीत आणि अभ्यासकांनी त्यांच्या नकला कराव्यात. या एका कलमातून ग्रंथालय उभे राहिले आणि ते आजही चालू आहे. पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ! बांधकाम झाल्यावर शिल्लक राहिलेल्या पैशाचे काय करायचे हा प्रश्न आपल्याही संस्थांपुढे येतो. खुसरो बेगने त्या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आपल्या प्रत्येक मशिदीच्या आणि मदरशाच्या विश्वस्तांनी वाचावे असे आहे.

या मशिदीची अलीकडची एक हकिकतही सांगितली पाहिजे. वेढ्याच्या काळात तिच्यावर तोफगोळे पडले. १९९६ साली सौदी अरेबियाच्या मदतीने दुरुस्ती झाली तेव्हा आतल्या भिंतींवरची रंगीत नक्षी जाऊन भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या. बोस्नियन मुसलमानांना ते रुचले नाही. मदत करणाऱ्याचे आभार मानूनही त्यांना वाटले की आपल्या मशिदीचा चेहरा पुसला गेला. काही वर्षांतच स्थानिक कलावंतांनी आतल्या भिंतींवर पुन्हा नक्षी आणि सुलेखन केले. पैसा बाहेरून आला म्हणून परंपराही बाहेरून घ्यायची का, हा प्रश्न फक्त बोस्नियाचा नाही.

चार प्रार्थनास्थळे, एक पायवाट

मशिदीपासून काही मिनिटांच्या अंतरावर जुने सिनेगॉग आहे. १४९२ साली स्पेनच्या कॅथलिक राजाराणींनी ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा त्यांतील अनेकांना उस्मानी राज्यात आसरा मिळाला. त्यांपैकी काही कुटुंबे सोळाव्या शतकात सारायेव्होत आली. १५८१ साली सियावुश पाशाच्या वक्फातून गरीब ज्यूंच्या राहण्यासाठी मोठा वाडा बांधला गेला आणि शेजारी सिनेगॉग उभे राहिले. स्पेनमधून आणलेली आपली जुनी स्पॅनिश बोली या लोकांनी चारशे वर्षे घरात जपली.

जवळच सनातनी ख्रिस्ती सर्ब लोकांचे जुने चर्च आहे. त्याचा उल्लेख १५३९ च्या कागदपत्रांत येतो. रस्त्याने पश्चिमेला गेले की १८८९ साली पूर्ण झालेले कॅथलिक कॅथेड्रल दिसते. चार धर्मांची प्रार्थनास्थळे इतक्या कमी अंतरात युरोपात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळतील. म्हणूनच या शहराला युरोपचे जेरुसलेम म्हणण्याची पद्धत पडली आहे.

मात्र हे सहजीवन गोड गोड करून सांगू नये. उस्मानी राज्यात बिगरमुस्लिमांना संरक्षण होते, पण बरोबरीचा दर्जा नव्हता. सिनेगॉग किंवा चर्च बांधायला, दुरुस्त करायला परवानगी लागे. आगी आणि स्वाऱ्याही झाल्या. १६९७ साली ऑस्ट्रियाचा सेनापती राजपुत्र युजीन याने शहर लुटून जाळले, त्यात मशिदी, सिनेगॉग, बाजार सारेच होरपळले. तरीही प्रत्येक वेळी हे लोक त्याच जागी, एकमेकांच्या शेजारी पुन्हा घरे बांधत राहिले.

शेजाऱ्याला इथे 'कोम्शिया' म्हणतात. बोस्नियन माणूस हा शब्द नात्यासारखा वापरतो.

नदीकाठचे दोन वाद

आता नदीकाठी येऊ. लॅटिन पूल हा चार कमानींचा, अगदी साधा दगडी पूल. त्याच्या टोकाला गाव्रिलो प्रिन्सिप या तरुणाने १४ च्या जूनमध्ये युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. ऑस्ट्रियाच्या राज्यात इथे मृतांचे स्मारक उभारले गेले. युगोस्लाव्हियाच्या काळात प्रिन्सिप स्वातंत्र्यवीर झाला, पुलाला त्याचे नाव मिळाले आणि तो जिथे उभा होता तिथे त्याच्या पावलांचे ठसे बसवले गेले. १९९० च्या दशकातील युद्धानंतर पुलाला जुने नाव परत मिळाले आणि आजच्या फलकावर या जागेवरून अमुक तारखेला अमुक माणसाने खून केला एवढीच नोंद आहे. एकच जागा आणि एकच घटना. पण सरकार बदलले की शब्द बदलतात. इतिहासाच्या पाटीवर काय लिहायचे यावरून आपल्याकडेही वाद होतात. त्यांनी हा पूल एकदा पाहावा.

नदीकाठाने पूर्वेला गेले की व्हियेच्नित्सा, म्हणजे जुने नगरभवन. १८७८ पासून बोस्नियाचा कारभार ऑस्ट्रिया-हंगेरीकडे होता. मुसलमानांच्या या शहराला शोभेल अशी इमारत हवी म्हणून त्यांनी कैरो आणि स्पेनमधील मूर शैलीची नक्कल करून ती बांधली. १८९६ मध्ये तिचे उद्घाटन झाले. घोड्याच्या नालेसारख्या कमानी, पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या भिंती. दिसायला ही फार देखणी इमारत आहे, पण बोस्नियातील कोणतीही जुनी मशीद अशी दिसत नाही. खुनाच्या दिवशी युवराजाचा सत्कार याच इमारतीत झाला आणि तिथून निघाल्यावर तो मारला गेला.

नदीच्या पलीकडे एक जुने घर आहे. त्याला 'इनात कुचा' म्हणतात. नगरभवनासाठी जागा हवी होती, तेव्हा या घराचा मालक हटून बसला. शेवटी थैलीभर मोहरा आणि घराची वीट न् वीट पलीकडच्या काठावर नेऊन पुन्हा बांधून द्यायची, या अटीवर तो तयार झाला, अशी गोष्ट गावात सांगतात. 'इनात' म्हणजे अरबीतला 'इनाद', हट्ट. आज त्या घरात खानावळ आहे. हा हट्ट सारायेव्होकर आपला गुण मानतात, आणि वेढ्याच्या काळात तो त्यांच्या कामी आला.

जळालेली पुस्तके आणि वाचलेली पुस्तके

एप्रिल १९९२ पासून फेब्रुवारी १९९६ पर्यंत, १,४२५ दिवस, बोस्नियन सर्ब फौजांनी डोंगरांवर तोफा लावून शहराला वेढा घातला. आधुनिक काळात एखाद्या राजधानीला इतका दीर्घ वेढा पडल्याचे दुसरे उदाहरण नाही. वेढ्याला सुरुवात होऊन वीस वर्षे झाली तेव्हा, २०१२ मध्ये, मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या गेल्या. वेढ्यात मेलेल्या प्रत्येक माणसासाठी एक रिकामी खुर्ची. त्यांतल्या ६४३ खुर्च्या लहान आकाराच्या होत्या. त्या मुलांच्या.

या तोफांचा रोख फक्त माणसांवर नव्हता. १७ मे १९९२ रोजी ओरिएंटल इन्स्टिट्यूटवर मारा झाला आणि ५,२६३ हस्तलिखिते जळाली. अरबी, फारसी, तुर्की आणि अरबी लिपीत लिहिलेल्या बोस्नियन भाषेतली. त्याच वर्षी २५ ऑगस्टच्या रात्री व्हियेच्नित्सावर आगलावे गोळे पडले. १९४९ पासून ही इमारत राष्ट्रीय ग्रंथालय होती. बंदुकीच्या गोळ्या झेलत ग्रंथपाल आणि नागरिक साखळी करून पुस्तके बाहेर काढत होते. त्या धडपडीच्या वेळी आयदा बुतुरोविच ही तरुण ग्रंथपाल मारली गेली. सुमारे वीस लाख पुस्तके आणि दस्तऐवजांपैकी बहुतांश नष्ट झाले. जळलेल्या कागदांची काळी राख दिवसचे दिवस गावावर पडत होती.

हे करणारे अडाणी होते असे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. बोस्नियन सर्बांचा नेता रादोवान कारादझिच हा मानसोपचारतज्ज्ञ होता आणि कविता लिहीत असे. त्याचा सहकारी निकोला कोल्येविच हा सारायेव्हो विद्यापीठात शेक्सपिअर शिकवणारा प्राध्यापक होता. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने कारादझिचला वंशसंहार आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवले. २०१९ मध्ये त्याची शिक्षा जन्मठेपेची झाली. शिक्षण माणसाला आपोआप माणुसकी देत नाही, हे या जळक्या ग्रंथालयासमोर जितके समजते तितके दुसरीकडे समजत नाही.

पुस्तके एकीकडे अशी जळत होती, तर दुसरीकडे वाचवलीही जात होती. खुसरो बेग ग्रंथालयात दहा हजारांच्या आसपास हस्तलिखिते होती. ग्रंथपाल मुस्तफा याहिच आणि त्यांचे सहकारी यांनी ती केळ्यांच्या खोक्यांत भरली आणि गोळीबारातून, पूल ओलांडून, एका जागेहून दुसऱ्या जागी नेली. वेढा संपेपर्यंत त्यांनी अशा अनेक जागा बदलल्या. या माणसांत अब्बास लुतुम्बा हुसेन हा रात्रपाळीचा पहारेकरीही होता. तो मूळचा आफ्रिकेतील काँगोचा, शिकण्यासाठी सारायेव्होत आलेला. वेढा पडल्यावर तो निघून गेला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. तो राहिला आणि परक्या गावाच्या पुस्तकांची खोकी वाहत राहिला. ती हस्तलिखिते आज २०१४ साली बांधलेल्या नव्या ग्रंथालयात आहेत. व्हियेच्नित्साही त्याच वर्षी दुरुस्त होऊन खुली झाली.

बाजारातल्या जखमा

कॅथेड्रलजवळच मारकाले ही मंडई आहे. भाजी, फळे, लोणी विकायला बसणाऱ्या बायका. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी इथे पडलेल्या एकाच तोफगोळ्याने ६८ माणसे मारली. २८ ऑगस्ट १९९५ ला आणखी ४३. मागच्या भिंतीवर नावे आहेत आणि समोर बाजार भरतो आहे. शहरातल्या फरसबंदीवर जिथे गोळे पडले ते खड्डे लाल राळेने भरले आहेत. त्यांना 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात.

विमानतळाजवळ एका घरात बोगद्याचे तोंड आहे. १९९३ मध्ये विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटर लांबीचा बोगदा हातांनी खणण्यात आला. त्यातून वाकून चालावे लागे. पीठ, औषधे, जखमी माणसे, शस्त्रे, सगळे त्यातूनच जात-येत होते.

या काळात ज्यूंच्या 'ला बेनेव्होलेन्सिया' या संस्थेने औषधांचे दुकान आणि स्वयंपाकघर चालवले. १८९२ साली गरीब ज्यू विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी स्थापन झालेली ही संस्था. वेढ्यात तिने मुसलमान, सर्ब, क्रोएट असा भेद न करता औषध आणि अन्न दिले. तसेच शहराच्या रक्षणासाठी जे लढले त्यांत योवान दिव्याक हा जन्माने सर्ब असलेला सेनानी होता. तोफा डोंगरावर त्याच्याच जातभाईंच्या होत्या, पण त्याने गावाची बाजू सोडली नाही. २०२१ मध्ये तो वारला.

आणि त्याच शहराने केलेला अन्यायही सांगितला पाहिजे. शहराच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या एका ब्रिगेडच्या माणसांनी १९९२-९३ मध्ये शहरातल्याच निरपराध नागरिकांना, मुख्यतः सर्बांना, मारून त्रेबेविच डोंगरावरच्या कझानी नावाच्या दरीत टाकले. या कृत्याबद्दल गाव बराच काळ कुजबुजत राहिले. अखेर २०२१ मध्ये तिथे स्मारक उभारले गेले. ज्या शेजाऱ्याला आपण सांभाळायचे होते त्याला सांभाळले नाही, ही कबुली उशिरा का होईना दिली गेली. अमानतीत खयानत आपल्या माणसाने केली तरी ती खयानतच असते. प्रवाशांच्या यादीत कझानी क्वचितच असते. ती असावी असे मला वाटते.

एका ज्यू पोथीचे मुसलमान राखणदार

शेवटचे ठिकाण आहे राष्ट्रीय संग्रहालय. जुन्या बाजारापासून ते दोन-अडीच किलोमीटर पश्चिमेला, त्या काळी नेमबाजांची गल्ली म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या रस्त्यावर आहे. तिथली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे 'सारायेव्होची हगादा'. ज्यू लोक वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या रात्री घरातल्या सर्वांसमवेत जी पोथी वाचतात ती हगादा. हजरत मूसांनी आपल्या कौमला फिरऔनच्या गुलामीतून बाहेर काढले, ती कथा तिच्यात असते. ही प्रत १३५० च्या सुमारास स्पेनमध्ये, बहुधा बार्सिलोनात, कमावलेल्या पातळ कातड्यावर लिहिली आणि रंगवली गेली. स्पेनमधून ती बाहेर पडली, १६०९ साली व्हेनिसमध्ये होती अशी तिच्यावर नोंद आहे आणि १८९४ साली सारायेव्होच्या संग्रहालयाने ती एका ज्यू कुटुंबाकडून विकत घेतली. तिच्या पानांवर सांडलेल्या द्राक्षरसाचे डाग आहेत. म्हणजे ती शोभेची नव्हती, घरात वापरली जात होती.

१९४१ मध्ये नाझी फौजा शहरात आल्या. जुन्या सिनेगॉगची लूट झाली. शहरात दहा हजारांच्या आसपास ज्यू होते, त्यांतील बहुतेक मारले गेले. १९४२ मध्ये जर्मन सेनापती योहान फोर्टनर संग्रहालयात आला आणि त्याने हगादा मागितली. तेव्हा तिथे दर्विश कोर्कुत नावाचे ग्रंथपाल होते. आलिमांच्या घराण्यातले, अनेक भाषा जाणणारे. ज्यूद्वेष बोस्नियाच्या मुसलमानांना परका आहे, या आशयाच्या मथळ्याचा लेख त्यांनी आधीच लिहिला होता. त्यांनी पोथी कपड्यांत कमरेला लपवली आणि संग्रहालयाच्या संचालकांनी सेनापतीला सांगितले की पोथी तर तुमचाच दुसरा अधिकारी घेऊन गेला. पुढे ती डोंगरातल्या एका खेड्यात, तिथल्या इमामाकडे मशिदीत ठेवली गेली असे सांगतात. युद्ध संपले आणि पोथी संग्रहालयात परत आली.

याच काळात हजारो बोस्नियन मुसलमान तरुण नाझींच्या एस.एस. पलटणीत भरती झाले, हेही इतिहासात नोंदलेले आहे. म्हणून कोर्कुत यांनी जे केले ते धर्माच्या नावाने आपोआप घडले असे मानण्याचे कारण नाही. एका माणसाने विचारपूर्वक निर्णय घेतला आणि त्याची पूर्ण किंमत मोजण्याची तयारी ठेवली.

पोथीबरोबर त्यांनी आणखी एक अमानत सांभाळली. मिरा पापो नावाची एक ज्यू मुलगी निराधार होऊन शहरात आली होती. कोर्कुत आणि त्यांची पत्नी सर्वेत यांनी तिला मुसलमान मोलकरणीचे कपडे आणि नाव देऊन काही महिने आपल्या घरात ठेवले, नंतर सुरक्षित ठिकाणी पोहोचवले. सर्वेत तेव्हा नुकत्याच आई झालेल्या होत्या.

पन्नास वर्षांनी, १९९२ च्या वेढ्यात, संग्रहालय गोळीबाराच्या रेषेत आले. एन्व्हेर इमामोविच हे पुरातत्त्वाचे प्राध्यापक काही पोलिसांना घेऊन आत शिरले आणि त्यांनी पोथी काढून राष्ट्रीय बँकेच्या तळघरात ठेवली. स्वतःच्या घरात पीठ नसताना, दिवा नसताना या माणसांनी दुसऱ्या धर्माच्या पोथीसाठी जीव धोक्यात घातला. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आलिया इझेतबेगोविच यांनी पेसाहच्या वेळी ती ज्यू समाजापुढे आणली. २०१२ ते २०१५ या काळात सरकारी पैशाअभावी संग्रहालय बंद पडले, तेव्हाही तिथले कर्मचारी पगाराविना कामावर येत राहिले. अखेरच्या दिवसांत 'मीच संग्रहालय' असे म्हणत सामान्य नागरिकांनीही पाळीपाळीने पहारा दिला.

मिरा पापो पुढे इस्रायलमध्ये राहिली. १९९४ मध्ये तिने कोर्कुत पतिपत्नींबद्दल लिहून दिलेल्या साक्षीवरून जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने त्या दोघांना सन्मानित केले. दर्विश कोर्कुत १९६९ सालीच वारले होते. युगोस्लाव्हियाच्या साम्यवादी राजवटीत त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला होता. १९९९ मध्ये कोसोव्होत युद्ध पेटले आणि त्यांची मुलगी आपल्या नवऱ्यासह प्रिश्टिनातून हाकलली जाऊन मॅसेडोनियातील निर्वासितांच्या छावणीत पडली. तिच्याजवळ घरातून आणलेल्या मोजक्या वस्तूंत त्या सन्मानपत्राची प्रत होती. तिथल्या ज्यू समाजाच्या लोकांनी ते पत्र वाचले आणि काही दिवसांत या मुसलमान कुटुंबाला इस्रायलमध्ये आसरा मिळाला. विमानतळावर त्यांना घ्यायला जे लोक आले होते त्यांत मिरा पापोचा मुलगा होता.

सारायेव्होत पाहण्यासारखे काय आहे असे कोणी विचारले तर पूल, मशीद, सबील ही यादी जरूर सांगावी. पण त्या यादीच्या तळाशी केळ्यांची खोकी वाहणारा तो काँगोचा पहारेकरी, औषधे वाटणारे ते ज्यू आणि पोथी कमरेला लावून सेनापतीसमोर उभे राहिलेले कोर्कुतही असू द्यावेत. आपल्याकडे दुसऱ्याचे काय काय ठेवलेले आहे, याचा हिशोब प्रत्येक समाजाने अधूनमधून करावा. शेजाऱ्याची भाषा, त्याची प्रार्थनेची जागा, त्याची पोथी, आणि अडचणीच्या दिवशी त्याची मुलगीसुद्धा.